तारण काय?

‘तारण काय?’

खिडकीपलीकडच्या मुलानं मान वर न करता विचारलं आणि मला फिसकन हसू आलं. एप्रिलमधली सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. अमळनेरच्या त्या पतसंस्थेत पंखा वरची गरम हवा खाली ढकलायचं काम इमानेइतबारे करत होता. काउंटरच्या काचेला कोपर टेकलं तर चटका बसत होता. माझ्या शेजारी आमच्या शाळेचा शिपाई दोन्ही हातांत प्लॅस्टिकची पिशवी धरून उभा. पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, लाइट बिल, पासपोर्ट साइजचे दोन फोटो. तारण म्हणून ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. त्याच्या गावचा चक्कीवाला म्हातारपणी मुलाकडे सुरतेला निघाला होता आणि जाताना चक्की विकत होता, मोटारीसकट ८० हजारांत. शाळेतली रोजंदारी कधी बंद होईल सांगता येत नाही, बायको चक्की चालवेल, गावाला दळण तर लागतंच, असा त्याचा हिशेब. हिशेब चोख होता. ‘ताई, तुम्ही नुसत्या संगे चला, तुमच्याशी नीट बोलतात ते लोक,’ म्हणाला म्हणून मी गेले होते.

‘तारण नसेल तर पगारदार जामीनदार लागेल,’ मुलगा म्हणाला. मग पहिल्यांदाच वर बघत, ‘मॅडम आहेतच की.’ फॉर्म माझ्याकडे फिरला. जामीनदाराच्या रकान्यापुढे पेन्सिलीची बारीक फुली. ‘पगारपत्रक आहे ना जवळ?’

‘उद्या आणून देते,’ मी म्हणाले.

पगारपत्रक माझ्या पर्समध्ये होतं. मागच्या चेनच्या कप्प्यात, चार घड्या घालून. दोन तासांपूर्वीच ऑफिसातून माझ्या वर्गापर्यंत ते आलं होतं.

ते घेऊन आला होता तोच.

तो काही बोलला नाही. पिशवीची गाठ मारली, ‘चालंल ताई, उद्या,’ म्हणाला, आणि बाहेर येऊन माझी स्कूटी उन्हातून सावलीत काढून दिली. तो उद्या गेला, परवा गेला. पाचव्या दिवसापासून त्यानं विषय काढणं बंद केलं. स्टाफरूममध्ये पाण्याचा ग्लास मात्र रोज तसाच आणून ठेवायचा, माझ्या वह्यांना ओल लागू नये म्हणून खाली कागदाचा चौकोन घालून. त्या कागदाच्या चौकोनाचा मला जेवढा त्रास झाला तेवढा त्यानं भांडण काढलं असतं तर झाला नसता.

हसू का आलं ते आधी सांगते. तारण हा शब्द मी बँकेत जायच्या वयाच्या फार आधी ऐकला. पप्पा भुसावळला लोको शेडमध्ये फिटर. सुट्टी लागली की मम्मी आम्हाला सुरत पॅसेंजरमध्ये बसवून अमळनेरला आजीकडे आणायची. आजी अहिराणी बोलायची, फक्त प्रार्थना तेवढी पुस्तकी मराठीत करायची, जणू देवाला अहिराणी जमत नाही. स्टेशनवर उतरल्या उतरल्या तिचा पहिला प्रश्न जेवणाचा आणि दुसरा हा : ‘तुन्हं तारण व्हयनं का?’ आम्ही ख्रिस्ती; उन्हाळ्यात आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, तीन दिवसांची सभा असायची. मांडव, सतरंज्यांचा धुळकट वास, ट्यूबलाइटखाली किड्यांचा ढीग, आणि अकोल्याकडून आलेले एखादे पाहुणे उपदेशक. शेवटच्या रात्री ते म्हणायचे, सगळ्यांनी डोळे मिटा, ज्यांना तारण हवंय त्यांनी हात वर करा. मी लागोपाठ चार उन्हाळे हात वर केला. दर वर्षी वाटायचं, मागच्या वर्षीचं कुठंतरी सांडलं असणार. चौथ्या वर्षी आजीनं पदराआडून डोळा किलकिला करून पाहिलं आणि घरी जाताना अंधारात म्हणाली, ‘किती डाव तारण व्हई व तुन्हं?’ पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, पासबुकात नाव एकदा चढलं की चढलं, रोज खातं उघडायला जायचं नसतं. पप्पांची सगळी धर्मशिकवण अशी रेल्वेच्या नाहीतर पतपेढीच्या भाषेत असायची.

पण यात पप्पांचं एकट्याचं काय? मी मराठी शिकवते, म्हणून कदाचित मला हे जास्त टोचत असेल, पण आमचं मराठी पवित्र शास्त्र उघडावं तर जागोजागी सावकाराची वही उघडल्यासारखं वाटतं. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही ऋण सोडायला सांगतो, आणि आम्हीही आमच्या ऋण्यांना सोडलं आहे असं दर रविवारी देवाला छातीठोक सांगतो. पौल इफिसकरांना लिहितो की पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. विसार! घराचा, जागेचा सौदा ठरला की हातावर ठेवतात तो. अब्राहामाचा विश्वास त्याच्या हिशेबी जमा धरला गेला. येशूनं आपला प्राण दिला तो खंडणी म्हणून. आणि इब्री लोकांच्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर स्पष्टच आहे, येशू हा जामीन झाला. विल्यम केरीनं सेरामपूरला १८११ साली मराठी नवा करार छापला तेव्हापासून किती पंडितांनी, किती जणांनी हे शब्द घासूनपुसून घेतले असतील. मूळ ग्रीकमध्येही व्यवहाराचेच शब्द आहेत हे खरं, पण मराठीत आल्यावर त्यांना आपल्या मातीतल्या कर्जाचा वास लागला. तारण या शब्दाचं तर विचारूच नका. बुडणाऱ्याला पैलतीरी नेतं ते तारण, आणि कर्ज बुडालं तर सावकाराला वाचवतं तेही तारण. बाईचा दागिना, शेताचा उतारा, गोदामातला हरभरा. एकाच शब्दाच्या एका टोकाला माझी आजी उभी आणि दुसऱ्या टोकाला तो काउंटरवरचा मुलगा.

जामीन या शब्दाची मात्र आमच्या घरी गंमत वाटत नसे.

१९९१ साली पप्पांच्या शेडमधल्या एका सोबत्यानं बहिणीच्या लग्नासाठी पतपेढीतून कर्ज काढलं आणि पप्पांनी जामीन म्हणून सही केली. विचारलं नाही, सांगितलं नाही. वर्षभरानं तो सोबती एके दिवशी ड्युटीवर आलाच नाही. क्वार्टरला कुलूप. मग पप्पांच्या पगारातून हप्ता कापला जाऊ लागला, सहा वर्षं. नाताळला आम्ही आजूबाजूच्या क्वार्टर्समध्ये फराळाची ताटं पाठवायचो : करंज्या, शेव, शंकरपाळे, केकचा एक तुकडा. त्या वर्षी नुसती शेव गेली. ‘यंदा केक नाही का?’ असं शेजारच्या काकूंनी मला दारातच विचारलं आणि मी सांगितलं, ओव्हन बिघडलाय. आमच्याकडे ओव्हन कधीच नव्हता. आम्ही केक बेकरीतून भाजून आणायचो, आणि ते काकूंना माहीत होतं.

मम्मी भांडली नाही. तिनं वेगळंच सुरू केलं. एके सकाळी पप्पांच्या टेबलावर पवित्र शास्त्र उघडं, मधे तिच्या विणकामातला लाल लोकरीचा धागा. नीतिसूत्रे, बावीसावा अध्याय. कर्जाला जामीन राहणाऱ्यांपैकी होऊ नको. फेडायला काही नसलं तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण काढून नेतील. पप्पांनी वाचलं, डबा घेतला, शेडला गेले. संध्याकाळी पुस्तक पुन्हा टेबलावर, आता पान दुसरं आणि खुणेला पुठ्ठ्याचं जुनं तिकीट, भुसावळ ते अमळनेर. फिलेमोनाचं पत्र. पंचवीस ओळींचं ते पत्र. पळून गेलेल्या दासासाठी पौल त्याच्या धन्याला लिहितो, हा तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, हे मी माझ्या हातानं लिहितोय. दोन दिवसांनी लाल धागा : नीतिसूत्रे अकरा, पंधरा. परक्याला जामीन राहतो तो पस्तावतो. तिकीट : इब्री सात, बावीस. असं ते दीड-दोन महिने चाललं. घरात एकमेकांशी बोलणं जेमतेम भाजी-किराण्यापुरतं आणि टेबलावर हा शास्त्रार्थ. मी तेव्हा आठवीत. शाळेतून आल्यावर आधी टेबल बघायचे. शेवटी मम्मीनं तीमथ्याच्या पहिल्या पत्रात धागा घातला, पाचवा अध्याय, आठवी ओळ : जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट.

त्यावर पप्पांनी तिकीट कुठेच ठेवलं नाही.

पण त्याच सुमाराची एक रात्र आठवते. लाइट गेलेली, भिंतींतून दिवसाचं ऊन अजून बाहेर येत होतं, पप्पा अंगणात बाजेवर बनियनवर बसलेले, अंगाला ग्रीसचा वास. टॉर्च माझ्या हातात. पगारपत्रकाच्या पाठीवर ते मला मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं गणित करून दाखवत होते. राजाला एक दास दहा हजार तालांत देणं लागत होता. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. भाग ३६५. ‘एक लाख चौसष्ट हजार वर्षं होतात,’ पप्पा म्हणाले, ‘रजा न घेता.’ राजानं एवढं सोडलं. तोच दास बाहेर आला आणि शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. शंभर दिवस. पप्पांनी कागद उलटा करून कपातीचा रकाना दाखवला. त्यांचं देणं शंभर दिवसांहून बरंच जास्त होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनाही कळत असणार. ‘मग तुम्ही त्याला सोडलं का?’ मी विचारलं. पप्पा म्हणाले, ‘प्रयत्न करतोय.’ टॉर्चभोवती किडे जमले होते म्हणून त्यांनी तो बंद करायला सांगितला.

दहाएक वर्षांनी तो सोबती आला. मी तेव्हा डी.एड. होऊन घरी होते. म्हातारा झालेला, सावद्याकडच्या कुठल्या मळ्यात राखणीला होता. खांद्यावर केळीचा अख्खा घड. पप्पांनी त्याला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, मला चहा ठेवायला सांगितलं. पैशाचा शब्द कुणी काढला नाही. जाताना पप्पांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याच्या मुलाबाळांची नावं विचारून घेऊन, एकेकाचं नाव घेत. मी दाराआड रडले. वाटलं, हाच तो विश्वास, ज्याबद्दल दर रविवारी ऐकतो. घड स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा केला. दोन दिवसांत पिकायला लागला, घरभर तो गोड जड वास. मी एक केळ सोलून पप्पांना दिलं. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, ‘माफ केलंय मी त्याला. केळी नाही खाणार.’

घड काळा पडत चालला. तिसऱ्या दिवशी मम्मीनं डझनभर केळी कुस्करली, दूध-साखर घातली, वाटीभर शिकरण घेऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि चमच्यानं शांतपणे खाल्ली. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली, ‘माझ्याच पैशाची आहेत.’

आजवर ऐकलेल्या सगळ्या उपदेशांपेक्षा माझ्या डोक्यात हे दोघं जास्त घोळतात. कृपेनं तारण झालं, कर्मांनी नाही, कोणी आढ्यता मिरवू नये, हे आम्हाला संडेस्कूलपासून पाठ. पण फुकट मिळालेलं घेणं सोपं असतं असं मला कधीच वाटलेलं नाही. अमळनेरात राहून तर नाहीच. इथं २९ डिसेंबर १९४५ ला वनस्पती तुपाची एक कंपनी सुरू झाली, तीच पुढं विप्रो झाली, आणि तेव्हा ज्यांनी भिडेखातर नाहीतर हौसेनं चार शेअर घेऊन ट्रंकेत टाकले त्यांच्या नातवंडांचं काय झालं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या आजोबांनी घेतले नाहीत. ‘ते तूप नव्हे, त्याचे कागद कशाला?’ म्हणाले म्हणे. ज्यांच्याकडे ते कागद राहिले त्यांच्यापैकी कुणी काही थोर कर्तृत्व केलं असं नाही. त्यांनी फक्त विकले नाहीत. पौलाचं वतन आणि विसार वाचताना मला ती ट्रंक आठवते. आणि हेही आठवतं की असं आयतं मिळालेल्यांच्या बोलण्यात कधीकधी एक ओशाळेपण असतं. आम्ही काही केलं नाही हो, आजोबांनी ठेवले होते, असं समोरच्यानं न विचारताच सांगतात.

पवित्रतेचं तर त्याहून अवघड. आमची मंडळी अलायन्स मिशनची. ते लोक वऱ्हाड-खानदेशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ मध्ये ज्याची सुरुवात केली त्या मिशनच्या चिन्हात चार गोष्टी आहेत : क्रूस, गंगाळ, तेलाचा घडा आणि मुकुट. तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा, पुन्हा येणारा राजा. लहानपणी मला त्यातलं फक्त गंगाळ ओळखीचं वाटायचं, कारण तसंच पितळेचं आजीच्या मोरीत होतं, कडेला चेमटलेलं. शास्त्रात निवासमंडपापुढं याजकांना हातपाय धुवायला होतं ते हेच, असं आजी सांगायची. क्रूस एकदाच झाला, गंगाळ मात्र रोजचं. बाहेरून आलं की पाय धुवायचे, मागच्या वेळी धुतले होते ही सबब चालत नाही. माझ्या चार वेळा वर केलेल्या हाताचं कोडं तिथं कुठंतरी सुटत असावं. पण आमच्या सभांत पवित्रता म्हणजे बहुतेक वेळा काय करायचं नाही त्याची यादी असायची. सिनेमा नाही, तंबाखू नाही, यात्रेतला पाळणा नाही. बोरीकाठी सखाराम महाराजांची यात्रा भरली की आम्ही पोरं गच्चीवरून लांबचे दिवे बघत बसायचो आणि त्यालाही पवित्रताच समजायचो.

मोठेपणी लेवीयाचं एकोणिसावं प्रकरण नीट वाचलं. ‘तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे,’ या वचनाचं ते घर. वाटलं होतं, पुढं उपासतापास असतील. पुढं आहे ते कापूस-ज्वारीच्या कुठल्याही गावाला समजेल असं आहे. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. तराजू खरा, वजनं खरी. खानदेशात वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बांधावर ताणकाटा टांगून बायकांनी वेचलेला कापूस मोजतात तेव्हा त्या सगळ्या काट्याकडे कशा टक लावून बघतात ते ज्यानं पाहिलंय त्याला या प्रकरणाचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्याच यादीत, चोरी करू नकाच्या शेजारी, अगदी साधेपणानं लिहिलंय : एकमेकांशी खोटं बोलू नका.

उद्या आणून देते.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पप्पांचं काय झालं ते पाहिलंय ना? नीतिसूत्रांत पुन्हा पुन्हा बजावलंय. घराचे हप्ते आहेत, मम्मीची औषधं आहेत, आणि तीमथ्य तर मम्मीनंच शिकवलाय. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. मी त्याला सरळ सांगितलं असतं, भाऊ, मी सही करणार नाही, मला भीती वाटते, तर त्यानं मान डोलावली असती आणि गोष्ट तिथं संपली असती. मला नाही म्हणायचं होतं आणि चांगलंही राहायचं होतं. अडचण तेवढीच होती.

मे महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. काळ्या मनुका उकळून गाळलेल्या रसाचा तो आंबटगोड वास देवळात शिरल्याबरोबर येतो. प्रत्येकानं आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकरीतून खावं, हे पाळकसाहेब दर महिन्याला वाचतात, दर महिन्याला मी मान खाली घालते आणि घेते. त्या दिवशी प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋणी’ शब्दापाशी माझा आवाज थांबला. बाकीचे पुढे गेले. लहान काचेच्या पेल्यांचा ट्रे आला तो मी तसाच शेजारच्या बाईंकडे सरकवला. आमच्यासारख्या शे-सव्वाशे माणसांच्या मंडळीत ट्रे सरकवणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. संध्याकाळपर्यंत दोन फोन आले, तब्येत बरी आहे ना? मम्मीनं काही विचारलं नाही. तिनं सरकलेला ट्रे पाहिला होता.

सोमवारी शाळेत गेले, निकालाचं काम होतं. ठरवूनच गेले होते, पगारपत्रक वरच्या कप्प्यात. त्याला व्हरांड्यात गाठलं. ‘भाऊ, ते जामिनाचं…’ तो हसला. ‘ते व्हई गयं ताई. पी.टी.ना सरनी करी दिन्ही सही.’ म्हणजे झालं होतं, महिन्यापूर्वीच. पी.टी.चे सर म्हणजे देव-धर्म थोतांड आहे म्हणून माझ्याशी स्टाफरूममध्ये दर आठवड्याला वाद घालणारे. मी त्यांना गाठून विचारलं, विचार नाही केलात? ते शिटीची दोरी बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, ‘सहीच तर आहे मॅडम. बुडालं तर बुडालं.’ आणि ग्राउंडवर गेले. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त राग आला. त्यांच्याकडे ना गंगाळ, ना विसार, ना लाल धागा. मी व्हरांड्यात उभी राहून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले, तुम्हाला काय, तुमच्या घरी कधी फक्त शेव गेली नाही.

शिपायाला मी सांगितलं. पगारपत्रक त्या दिवशी पर्समध्येच होतं, मी खोटं बोलले. त्यानं रजिस्टर उचलत म्हटलं, ‘माले माहीत शे ना ताई. मीच लई येल व्हतू.’ मग थोडं थांबून, ‘दयन लई या तुम्ही. कयनानं. भारी पडस पीठ.’

पुढच्या शनिवारी मी कळण्याचं दळण, म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून डब्यात भरले आणि त्याच्या गावाला गेले. दोन्ही बाजूंना काळी रानं नांगरून पडलेली, ढेकळं तापून पांढुरकी झालेली. पाण्याची सोय असलेल्या एकदोघांनी पाऊस यायच्या आधीच कापसाच्या सऱ्या पाडायला घेतल्या होत्या. चक्की ओट्यावरच्या पत्र्याच्या खोलीत. त्याची बायको डोक्याला रुमाल बांधून उभी, भुवया पांढऱ्या, पट्ट्याचा फटफट आवाज, तापलेल्या दगडाचा आणि उडदाचा खरपूस वास. तिनं माझं दळण बाकीच्यांच्या आधी घेतलं. कुणी कुरकुर केली नाही, सगळ्यांनी मलाच जागा करून दिली, त्यानं मला आणखीनच अवघडल्यासारखं झालं. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर खडूनं उधारीची यादी होती, नावं आणि पुढं किलो. मी पैसे काढले तर ती मानेनंच नाही म्हणाली. ‘मग निदान लिहून ठेव,’ मी म्हणाले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या ताई.’ मी म्हटलं, नाही, नाव लिही माझं, पुढच्या वेळी देईन. माझा आवाज चढला होता. रांगेतल्या बायका बघायला लागल्या. त्या यादीत माझं नाव यावं, पुढं तीन किलो लागावं, आणि मी ते येऊन फेडावं आणि पुसून टाकावं, एवढंच मला हवं होतं. त्यानं खडू उचलला नाही. डबा स्कूटीवर पायांशी नीट बसवून दिला, हलू नये म्हणून बाजूला गोणपाटाचा तुकडा कोंबला.

पीठ इतकं गरम होतं की घरी येईपर्यंत डब्याची धग पोटऱ्यांना लागत होती. मी तो फडताळात ठेवला. रविवारी पोळ्या केल्या. सोमवारी खिचडी. मंगळवारी संध्याकाळी वह्या तपासत बसले होते तेव्हा आत डब्याचं झाकण वाजलं. मम्मी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला दिसत कमी, पण पीठ हाताला लागलं की ती ओळखते. ‘कुठलं गं हे?’ तिनं विचारलं. मी सांगितलं. सगळं नाही, बरंचसं. ती काही बोलली नाही. परातीत पाणी पडल्याचा आवाज आला.

‘अजून दोन दिवस ठेवलंस तर विरी जाईल त्याची,’ ती आतून म्हणाली. मग भाकरी थापल्याचा तो आवाज, सावकाश, मधे दम घेत, आणि तव्यावर उडदाचा वास सुटला. ‘ठेचा आहे कालचा. ये.’

मी लाल पेनाला टोपण लावलं आणि ताट घेतलं.